काटेवाल्यांची उडी

गल्लीत त्यांना सगळे काटेवाले म्हणत. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली आणि स्वभावही काट्यासारखाच झाला. जराही इकडचं तिकडे झालेलं खपायचं नाही. दुरुस्त झालेल्या प्रत्येक काट्याला ते दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत, 'तपासला, बरोबर', आणि खाली सही. चिठ्ठीशिवाय काटा दुकानाबाहेर जात नसे, मागणारा सख्खा असो की परका.

त्या दिवशी मागणारी सख्खी लेकच होती. शाळेत विज्ञान शिकवायची. दुसऱ्या दिवशी तिचा तास तपासायला साहेब येणार होते आणि त्यावर तिची नोकरी कायम व्हायची होती. तिला स्प्रिंगचा टांगता काटा हवा होता.

"कशाला?"

"अवकाशयानात वजन शून्य का भरतं, ते दाखवायचंय, बाबा."

"तिथवर पृथ्वीची ओढ पोचत नसेल."

"पोचते की! इथली जवळजवळ नव्वद टक्के असते."

"ओढ आहे, माल आहे आणि काटा शून्य? मग काटा बिघडलाय. माझा काटा असल्या बदनामीला मिळायचा नाही."

लेकीने परोपरीने समजावलं. यान सतत पडतच असतं, पण आडवं इतक्या वेगाने धावतं की त्याने जमीन गाठायच्या आत जमीनच खाली वळते. यान, माणूस, काटा सगळेच सारखे पडताहेत, मग कोण कोणावर भार टाकणार? काटेवाले ढिम्म. लेकीचे डोळे भरले, तिने पिशवी उचलली. काटेवाल्यांना फार वाईट वाटलं. पण न पटलेल्या गोष्टीवर सही त्यांनी लेकीसाठीही केली नसती.

"थांब," ते म्हणाले. "पडतानाच ना? मग पडून बघतो."

गादी दुकानामागच्या खोलीत आली. काट्याला एक किलोचं वजन अडकवून, तो हातात धरून काटेवाले टेबलावर चढले. बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, या वयात ही काय थेरं? हाडं मोडली तर त्यांना चिठ्ठी कोण बांधणार?"

त्यांनी उडी मारली.

"काय दिसलं?" लेक धावली.

"काही नाही. डोळे मिटले माझे," ते ओशाळून म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यांनी डोळे वटारले आणि घेतली उडी. हवेतच ओरडले, "अगं, शून्य..." बाकीचं गादीत गेलं.

पाय मुरगळला होता. तरी आधी त्यांनी काटा खुंटीला टांगून वजन लावलं. बरोबर एक किलो. मग पाय गरम पाण्यात सोडून चिठ्ठी लिहायला बसले. लेकीने वाचली:

'एक किलो लावून पडताना शून्य. एकदा तपासला. पहिली उडी धरलेली नाही. बरोबर.' खाली सही.

लेक हसता हसता रडायला लागली.

"रडतेस काय? उद्या साहेब काटा खोटा म्हणाले तर ही सही दाखव. तरी नाही पटलं, तर गादी पाठवतो."