आमच्या शाळेचा उतरता पट

चार मास्तरणी एकत्र बसल्या की किस्से आपोआप निघतात. आमच्या शाळेचे बहुतेक किस्से भीतीचेच आहेत, मी हसत सांगते एवढंच. इंदूरच्या मिल एरियातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा. दोन खोल्या, मोठ्या बाई पागनीस आणि मी. मिल बंद झाली आणि पट उतरायला लागला. अजून उतरला तर शाळा बंद करून दुसऱ्या शाळेला जोडणार, असं ऑफिसातून कळलं होतं. दाराशी कुणाचा बाप दिसला की वाटायचं, आला टीसी मागायला!

*

दाखल्याच्या रजिस्टरात वडिलांच्या कामाचा रकाना असतो. मिल बंद झाली त्या वर्षी मी वर्गात एकेकाला विचारत होते. पहिलीतली सुमन उठून माझ्या कानाशी आली.

"बाई, मिलच लिहा. आई म्हणते, बाबांसमोर दुसरं काही बोलायचं नाही."

मी लिहिलं. पुढच्या मुलांना विचारलंच नाही. सगळ्यांच्या नावापुढे मिल लिहून टाकलं.

*

मग आम्ही दोघी शाळेत न येणारी मुलं शोधत मिलच्या चाळीत फिरायला लागलो. हातात रजिस्टर दिसलं की लोकांना वाटायचं, घर खाली करवायला कुणी आलं. एका दाराआडून बाईचा आवाज आला, "घर में कोई नहीं है."

पागनीस बाईंनी सवयीने रजिस्टर उघडून त्या घरातल्या मुलीचं नाव वाचलं, "शोभा तुकाराम."

आतून लगेच उत्तर आलं, "हजर, बाई."

 मग कडी निघाली.

*

गल्लीच्या तोंडाशी इंग्लिश मीडियम उघडलं, तेव्हा एक आई आपल्या दोन्ही मुली काढायला आली. दोन नावं एकदम जाणार म्हणून मी घाबरले. मातृभाषा, घराजवळची शाळा, सगळं पाऊण तास समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचा मुलगा कुठे जातो?"

मी टीसीचं पुस्तक काढलं.

*

तपासणीची तारीख आली त्याच सुमारास नामदेवभाऊ शाळेत आले. वीस वर्षं मिलमध्ये लूमवर होते. मिल बंद होताना त्यांनी एका कागदावर अंगठा दिला होता. त्यावर काय लिहिलं होतं, ते त्यांना नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून छापील कागद पाहिला तरी घाबरायचे.

"मोठ्या बाई, मुलं कम पडताहेत ना? माझं नाव लिहा, पहिलीत."

बाई म्हणाल्या, तसा नियम नाही.

"मग बसू तर द्या."

रोज यायचे. मागच्या गोणपाटाच्या टाटपट्टीवर पाटी घेऊन बसायचे. तपासणीच्या दिवशी येऊ नका, असा निरोप बाईंनी पाठवला होता, तरी आले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ये कौन हैं?"

 नामदेवभाऊ हात जोडून उभे राहिले.  साहेबांनी फळ्याकडे बोट दाखवलं, "पढ़िए."

भाऊंनी खूप वेळ घेतला. "क... म... ळ. कमळ."

 साहेबांनी एकेक डोकं मोजलं, वहीत लिहिलं आणि चहा न घेता निघून गेले.

पंधरा दिवस आम्हा दोघींना धड जेवण गेलं नाही. मग रिपोर्ट आला. त्या दिवशी वर्गात एकवीस मुलं होती, हजेरी मीच घेतली होती. रिपोर्टात लिहिलं होतं, उपस्थित विद्यार्थी: बावीस.