तिसऱ्या कप्प्यावरचा टॅग

श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी सात वाजता माझा नवरा शेखर गेला. बूट घालता घालताच कोसळला. कोपऱ्यावर रिफायनरीची बस आली होती. बस थांबली, हॉर्न वाजला आणि बस निघून गेली.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगते. या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते मी वाचत आले, पण करमणूक म्हणून. मी बडोद्यात एका ग्रंथालयात हस्तलिखितांची सूची करते. कागद, शाई, अक्षराचं वळण पाहिल्याशिवाय कुठल्याही पानाबद्दल काही मान्य न करणं हे माझं कामच आहे. त्यामुळे हा अनुभव लिहिताना मलाच संकोच वाटतो आहे… पण आठ महिने झाले, आणि मला तो कुठल्याच रकान्यात बसवता आलेला नाही.

शेखर कोयलीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला होता. तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि जवळजवळ वर्षभर मला वाचायला बंदी होती. त्या काळात शेखर रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायचा. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, एकदा तर अख्खं वनस्पतींवरचं पुस्तक. "पुढे कधी डोळे रुसले तर असू दे," म्हणून तो ते रेकॉर्डही करायचा. त्याच्या आवाजाचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. फोनवरचे व्हिडिओ आहेत, पण त्यात तो कायम कॅमेऱ्यामागे, गप्प.

शेवटच्या वर्षी त्याला घरच्या स्टोरेज सर्व्हरचं वेड लागलं होतं. फोटो, कागदपत्रं, वाचन, सगळं एका पेटीत ठेवायचं. चार कप्प्यांची काळी पेटी त्यानं आणली. दोन नव्या डिस्क आणल्या, दोन जुन्या घरात होत्याच. कुठल्या कप्प्यात कुठली डिस्क, कुणाची जोडी कुणाशी, याचा आलेखकागदावर त्यानं आराखडाही काढला होता. त्यात कप्प्यांना शून्य, एक, दोन, तीन असे आकडे होते. तो सगळंच शून्यापासून मोजायचा. पेटी जोडायची मात्र राहून गेली.

पहिल्या मासिक श्राद्धानंतरच्या रविवारी धाकटे दीर, मिलिंद भाऊजी, बडोद्यातल्या आमच्या अकोट्याच्या फ्लॅटवर आले. ते एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघतात. शेखर गेल्यापासून आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची.

"वहिनी, दादाचं हे शून्य-बिन्य सोडा," ते हसत म्हणाले. "आपण माणसासारखं एकपासून मोजू." त्यांनी नवा कागद घेतला. एक आणि दोनमध्ये नव्या डिस्क, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटेल अशी जोडी. तीन आणि चारमध्ये जुन्या, त्यांचीही तशीच जोडी. मी कप्प्यांवर पट्ट्या चिकटवून आकडे लिहिले.

"फक्त एक ध्यानात ठेवा. पेटी सुरू करताना ती आधी चारही डिस्क पुसून घेते. म्हणून जे हवं ते आधीच बाहेर काढायचं."

एक जुनी डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडली. त्यात फोटो आणि शेखरचे दाखले निघाले, ते भाऊजींनी काढून ठेवले. दुसरी जोडली तर पडद्यावर आलं, ही डिस्क वापरण्यापूर्वी तयार करून घ्या. भाऊजींनी खांदे उडवले. "कोरी आहे. हिला तीनमध्ये टाका."

"आणि वाचन? ते कुठंच दिसलं नाही."

"सापडेल हो, इंटरनेटवर कुठं तरी ठेवलं असेल त्यानं. आधी घर बांधू, मग सामान शोधू. चालो, मी आठवडाभर अहमदाबादला आहे. पुढच्या रविवारी सुरू करू."

मी मान डोलावली. पण मला ते आवडलं नाही. जे शोधायचं आहे ते मिळायच्या आधीच पुसायची घाई का, असं मनात आलं. तेव्हापासूनच माझा संशय सुरू झाला असावा.

इथे टॅगबद्दल सांगायला हवं. रिफायनरीत एखाद्या यंत्रावर काम चालू असलं की त्याला लाल पुठ्ठ्याचा टॅग बांधतात. त्यावर कारण, सही, तारीख. नियम असा की ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. शेखरकडे जुन्या कोऱ्या टॅगचा एक गठ्ठा होता आणि तो घरातही ते लावायचा. गीझरला, मिक्सरला. एकदा इस्त्रीला टॅग लावून हा कामावर गेला आणि मी चुरगळलेल्या साडीत ग्रंथालयात! संध्याकाळी भांडले तर म्हणतो, "पण हात लावला नाहीस ना? शाब्बास. नोकरी पक्की."

त्या आठवड्यातल्या गुरुवारी मी पावणेसहाला कामावरून आले. कुलूप नीट होतं. बैठकीत पेटी होती तिथेच होती, पण तिसरा कप्पा चार बोटं बाहेर ओढलेला होता आणि त्याच्या मुठीला लाल टॅग बांधलेला होता.

मी चप्पलसुद्धा काढली नाही. चष्मा बदलला आणि वाचलं. "कप्पा ३. बघितल्याशिवाय पुसू नये." खाली शेखरची सही. तारखेची जागा रिकामी.

पहिला विचार आला तो हा, की जुना टॅग असेल. पण त्याच्या आराखड्यात हा कप्पा 'दोन' होता. 'तीन' हे नाव त्याला मिळालं ते शेखर गेल्यानंतर. शिवाय तारीख न टाकणारा शेखर मी कधी पाहिला नव्हता.

दुसरा विचार आला, मीच केलं का? हल्ली दूध गॅसवर ठेवून मी विसरते. पण अक्षरांवर शिरोरेघ नव्हती. आमच्या सासरी दोघेही भाऊ गुजराती शाळेत शिकले, मराठी लिहितानाही वरची रेघ देत नाहीत. माझा हात रेघेशिवाय चालतच नाही. ठरवलं तरी नाही.

राहिले मिलिंद भाऊजी.

समोरच्या हंसाबेनना विचारलं. त्या शेंगा सोलत दारातच बसलेल्या. "कोई नथी आव्यु, बेन," त्या म्हणाल्या. "हूं तो आखो दिवस अहीं ज बेठी छू. केम, कंई गयु?" काही गेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. कुणी आलं नाही, आपण दिवसभर दारातच होतो, असं त्यांचं म्हणणं; पण त्या दुपारी झोपतात हे मला ठाऊक होतं.

भाऊजींनी त्याच दिवशी एक वाजता मला अहमदाबादहून व्हिडिओ कॉल केला होता, जेवलात का विचारायला. मी हिशेब मांडला. एक्सप्रेसवेनं पावणेदोन तास… अकोट्यापर्यंत दोन. एकला निघाले तर तीनला इथे. मी आल्यावर सापडले नसते. इतक्या प्रेमानं विचारपूस करणाऱ्या माणसाच्या वेळा मी बोटांवर मोजत होते.

फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोन दिवस आईकडे जाऊन या ना. एकटं राहून असं होतं."

"असं म्हणजे कसं?"

"म्हणजे… तुम्हीच बांधला असेल. काढून टाका."

"मी लावला नाही, तर काढणारी मी कोण?"

"अहो, ही काय रिफायनरी आहे?"

रविवारी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. टॅग हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही दादाची सही गिरवायला कधी शिकलात?" म्हणजे त्यांचाही माझ्यावर तसाच संशय.

"बघितल्याशिवाय म्हटलंय," मी म्हणाले. "तर बघू या."

टॅग मुठीला तसाच ठेवून आम्ही स्क्रू काढले आणि डिस्क बाहेर घेतली. यावेळी ती शेखरच्या जुन्या लॅपटॉपला जोडली. त्याच्यावर वेगळी सिस्टिम होती. डिस्क लगेच उघडली. भाऊजींनी कपाळावर हात मारला. शेखरनं डिस्क त्या सिस्टिमच्या पद्धतीनं लिहिली होती, माझ्या कॉम्प्युटरला ती वाचताच येत नव्हती. मोडी न येणाऱ्याला मोडीच्या कागदावर निदान रेघोट्या तरी दिसतात. कॉम्प्युटरनं सरळ कोरी म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही विश्वास ठेवला होता.

एकच फोल्डर होता, 'वाचन'. भाऊजींनी पहिली फाइल उघडली.

"पान एकशे बारा," शेखर म्हणाला. "काल कुठं थांबलो होतो आपण? झोपली होतीस तू. कबूल कर."

मागे माझं हसू. मग पान उलटल्याचा आवाज.

भाऊजी रडत होते. मीही. त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. पण मला उत्तर हवं होतं.

"आता तरी सांगा," मी म्हणाले. "तुम्हाला चूक नंतर उमगली, आणि तोंडानं सांगायची लाज वाटली. म्हणून दादाचं नाव वापरलंत. मी रागावणार नाही."

त्यांनी डोळे पुसले. "मला उमगलं असतं तर फोन उचलून सांगितलं नसतं, वहिनी? गेलेल्या भावाची सही करून तुम्हाला घाबरवलं असतं?"

"मग किल्ली आणखी कुणाकडे आहे?"

हे माझं वाक्य. त्यांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि निघाले. लॅपटॉपवर शेखर वाचतच होता.

नंतर मी भिंगाखाली तो टॅग शेखरच्या वाणसामानाच्या याद्यांशी आणि भाऊजींच्या पत्रांशी ताडून पाहिला. 'प'चं पोट शेखरचं. 'न' दोघांचाही असू शकतो. तीनचा आकडा दोघांचाही नाही. सूचीत अशा वेळी मी 'लेखक अनिश्चित' लिहिते आणि पुढच्या पोथीकडे वळते. इथं पुढची पोथी नाही. भाऊजी खोटं बोलले असतील तर त्यांनी माझं सगळं वाचवलं, आणि खरं बोलले असतील तर मी त्यांना चोर ठरवलं. दोन्हीकडून क्षमा मीच मागायला हवी. तीनदा फोन केला, त्यांच्या बायकोनं उचलला, "सांगते" म्हणाली.

उरलेलं काम मी त्यांनी काढलेल्या कागदावरून एकटीनं केलं. चुकलं नाही. शेखरचं वाचन आता तीन ठिकाणी आहे, पहिल्या दोन कप्प्यांत आणि न पुसता बाहेर ठेवलेल्या त्या जुन्या डिस्कवर. मिलिंद भाऊजी दिवाळीला आले नाहीत.