पंपाचंच पेट्रोल

पिस्टनला मधोमध भोक पडलं होतं. आमचे टेस्ट रायडर युसूफभाई यांनी तो माझ्या लॅबच्या टेबलावर ठेवला.

"बाई, परवा हीच गाडी लोण्यासारखी पळाली. आज अर्ध्यातच ठोके द्यायला लागली. आणि रेस रविवारी."

साल सत्तरच्या पुढचं. पिंपरीच्या एका मोटरसायकल कंपनीत मी केमिस्ट होते. सरळ धावपट्टीवर दोन-दोन गाड्या सोडायच्या, हरेल तो बाहेर, अशी ती ड्रॅग रेस. त्यासाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवलेलं. एवढ्या दाबात हलक्या प्रतीचं पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि पिस्टन जाळतं. पेट्रोलच्या दाब सोसण्याच्या गुणाला ऑक्टेन म्हणतात. टाकीतल्या पेट्रोलची घनता मोजली, ती जास्त निघाली. म्हणजे त्यात ऑक्टेन घटवणारं रॉकेल मिसळलेलं होतं.

वर्क्स मॅनेजर साठे साहेब म्हणाले, "पेंट शॉपमधलं रंग पातळ करायचं टोल्युइन घाला. ऑक्टेन वाढेल."

"वाढेल, साहेब. पण नियमात फक्त पंपाचं पेट्रोल चालतं."

"तपासतंय कोण?"

"कोणी नाही तपासलं तरी मी घालणार नाही."

"ठीक आहे. हरलो तर वर उत्तर तुम्ही द्यायचं."

मग युसूफभाईंच्या मागे बसून मी हायवेवरचे पंप पालथे घातले. प्रत्येक ठिकाणी ९३ ऑक्टेनचा नमुना घ्यायचा, त्यात घनता दाखवणारा हायड्रोमीटर सोडायचा. पंपवाले वैतागत. चिंचवडच्या एका पंपावर नुकताच टँकर रिकामा झाला होता. तिथलं चोख निघालं. सरावाला आणि रेसला लागेल तेवढं तिथूनच भरलं, डबे सील केले. युसूफभाईंनी कार्ब्युरेटर त्याच पेट्रोलला जुळवून घेतला.

रविवारी काही गाड्या भन्नाट सुटल्या आणि पुढच्याच फेरीत धूर ओकत थांबल्या. आमची दर फेरीला सारखीच पळाली. फायनल युसूफभाईंनी जेमतेम एका चाकाने मारली.

हरलेल्या टीमच्या मॅनेजरने लगेच तक्रार केली. "पंपाच्या पेट्रोलवर एवढी पळतच नाही."

अधिकाऱ्यांनी आमच्या टाकीतलं पेट्रोल काढलं. घनता मोजली. पाण्यात हलवून अल्कोहोल आहे का पाहिलं.

"साधं पेट्रोल आहे," अधिकारी म्हणाले.

साठे साहेब त्या मॅनेजरकडे वळले. "आमच्या केमिस्टबाईंनी निवडलंय. काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा."

त्याने खरंच विचारलं. मी सांगितलं, सगळ्यात जोरदार पेट्रोल शोधू नका. दर वेळी सारखं मिळेल असं शोधा.