मारोतरावांनी फाडलेलं परमिट

आमच्या कॅम्प-1 वस्तीत मारोतरावांइतका हट्टी माणूस दुसरा नाही. ते काम करतात त्याच कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, त्यामुळे हे म्हणायचा मला हक्क आहे. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण इकडे रायपूरच्या बाजूला येऊन चाळीस वर्षं झाली. कुम्हारीजवळच्या आमच्या कारखान्यात पोलादाच्या पट्ट्या हायड्रोजनच्या भट्टीत तापवतात. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि पेटायला एक ठिणगी पुरते. म्हणून पाइपाच्या सांध्यांवर रोज साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का ते बघायचं, हे मारोतरावांचं काम. त्यांच्या सहीशिवाय तिथे वेल्डिंगचं परमिट निघत नाही.

गेल्या फेब्रुवारीत रायपूरहून अनुजा नावाची एक संशोधक मुलगी तिचा सेन्सर तपासायला आली. काचेवर धातूचा थर, इतका पातळ की नुसती चकाकी दिसावी. हायड्रोजन त्यात शिरला की थराचं चुंबकत्व किंचित बदलतं, आणि तो बदल उजेडाच्या किरणाने वाचता येतो. वायूजवळ वीज न्यावीच लागत नाही, ही त्यातली गंमत. मारोतरावांना काही गंमत वाटली नाही. "माया फेसाले पंचवीस वर्षांत कोनी खोटं नाई पाडलं," ते म्हणाले.

त्या दिवशी अकरा वाजता भट्टीवरच्या मचाणाचं वेल्डिंग होतं. वेल्डर चंदन, म्हणजे मारोतरावांच्या लेकीचा, ममताचा नवरा. सकाळी फेस लावून, बुडबुडा नाही असं बघून, मारोतरावांनी सही केलेलं परमिट जावयाच्या हाती दिलं होतं. चंदन वर चढून तयार बसला होता.

अनुजाने सेन्सर सांध्यांवरून फिरवायला घेतला. मारोतराव शेजारी वाकून बघत होते. पहिल्याच सांध्याला आकडा उसळला. दुसऱ्याला उसळला, तिसऱ्यालाही. मारोतराव मागे सरले की आकडा खाली. तिने भीत भीत विचारलं, "काका, तुमच्या खिशात काही आहे का?"

निघालं फुटक्या स्पीकरमधलं चुंबक. खाली पडलेले नट उचलायला आमचा प्रत्येक फिटर ते खिशात बाळगतो. चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राशेजारी ते घेऊन उभं राहण्याचा पराक्रम आमच्याच माणसांनी करावा. सगळे पोट धरून हसले. मारोतरावही हसले, जरा जास्तच. "पाह्य पोरी, गॅस तं मायाच खिशात होता."

वरून चंदनने विचारलं, "मामाजी, चालू करू का आता?"

"दोनच मिनिटं," अनुजा म्हणाली. ती हसली नव्हती. चुंबक लांब टेबलावर ठेवायला लावून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सगळे सांधे शांत. शेवटच्या व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी, बरोबर मचाणाखाली, आकडा हळूहळू चढला. मारोतराव तेव्हा दहा हात लांब उभे होते.

"तिथं मी सकाळीच फेस लावला," ते चिडून म्हणाले. पण ब्रश घेऊन गेले. एरवी ते मिनिटभर बघतात. या वेळी उकिडवे बसूनच राहिले. मला वाटलं, हट्टाला पेटलेत. तीन-चार मिनिटांनी मोहरीएवढा एक बुडबुडा आला. मग दुसरा.

मारोतराव उठले तेव्हा त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. "चंदन, काईले हात लावू नोको. तसाच खाली ये."

"कावून मामाजी? परमिट हाय ना," चंदन कुरकुरत उतरला.

त्यांनी ते परमिट त्याच्या हातून घेतलं आणि फाडलं. "माई सही चुकली," सगळ्यांदेखत म्हणाले. "मी घाई केली." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ते अनुजाकडे वळले आणि हात जोडून उभे राहिले. ती बिचारी ओशाळली.

वायू बंद करून व्हॉल्व्ह काढायला लावला आणि दुपारी आम्ही डबे उघडले. मारोतरावांच्या हातात पोळी होती, पण घास तोंडात जाईना. इतक्यात चंदनचा फोन वाजला. ममताचा होता.

"हो, जेवून राहिलो," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "वांग्यात मीठ कमी हाय आज."

पलीकडून ममता चांगलीच तडकली. उद्यापासून स्वतःच रांधून न्या, असं काहीसं आम्हालाही ऐकू आलं. चंदनही मागे हटेना. मारोतराव ते भांडण कान देऊन ऐकत राहिले, एकदा डोळे पुसले, आणि जेवायला लागले.