बाकांमधली वाट

विश्वनिर्मितीच्या वेळी परमेश्वराने आमच्या खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा सल्ला घेतला असता, तर पर्वत थोडे बाजूला सरले असते आणि मधोमध येण्याजाण्याची प्रशस्त वाट राहिली असती, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. हे गृहस्थ मूळचे वर्ध्याचे. आता इकडे आखातात, अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात सेफ्टीचे काम पाहतात. तेथे माणसांना चालण्यासाठी जमिनीवर पिवळ्या रेषा आखलेल्या असतात आणि त्या रेषांच्या आत कोणी काही ठेवू नये, हे पाहणे हा त्यांचा धर्म. कारखाना सुटतो, धर्म सुटत नाही. कोणाच्याही घरी गेले की ते आधी दारातल्या चपला भिंतीशी लावतात आणि मग यजमानांना नमस्कार करतात. मनाम्याच्या बाजारात एका दुकानाबाहेरची तांदळाची पोती त्यांनी स्वतः उचलून आत नेली. दुकानदार "खलास, भाई, खलास", म्हणजे पुरे झाले, असे म्हणत राहिला आणि अखेर त्यानेच त्यांना चहा पाजला. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, भक्तिभावाने हात जोडले, आणि पूजा चालू असताना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "गुरुजी, हा कलश थोडा सरकवा न. माणसं निघतीन कुठून?" स्थापन केलेला कलश हलवता येत नाही; म्हणून मी मुलाला आणि सुनेलाच सरकवले.

त्यांची कन्या आणि माझा नातू बुदैयाच्या रस्त्यावरील एका शाळेत, तिसरीच्या एकाच तुकडीत. मुलीचा स्वर इतका मृदू की तिचे उत्तर ऐकण्यासाठी बाईंना तिच्या बाकापर्यंत जाऊन वाकावे लागते. बाई वाकतात, म्हणून ती बोलते. त्यापूर्वी ती शाळेत अवाक्षरही काढत नसे. यंदा शाळेचा लौकिक वाढला, प्रवेश वाढले, आणि नवी इमारत होईपर्यंत दोन तुकड्या एकाच वर्गात बसवाव्यात, असा प्रस्ताव पालकांच्या सभेपुढे आला. मुलगा ड्यूटीवर होता, म्हणून नातवाच्या वतीने मी गेलो होतो. कोणी एसीची चौकशी केली, कोणी "शाळा मोठी होतेय, चांगलंच आहे की" म्हणाले. तेवढ्यात आमचे शेजारी उठले आणि मुख्याध्यापिकांना म्हणाले, "मॅडम, मीटिंग क्लास में ही लेते हैं. नए बेंच तो लग गए हैं ना?"

दोन्ही तुकड्यांचे बाक आधीच लावून ठेवलेल्या वर्गात सभा गेली. मुलांच्या बाकांवर आम्ही दाटीवाटीने बसलो. गुडघे हनुवटीला टेकले. आमचे शेजारी आपल्या मुलीच्या जागी, शेवटच्या बाकावर. मुख्याध्यापिका दारातच थबकल्या.

"आइए ना मॅडम, यहाँ तक."

त्या अंग चोरून दुसऱ्या बाकापर्यंत आल्या. "अहो, माझा पाय!" एक माता कळवळली. मुख्याध्यापिकांची पर्स बाकात अडकली.

"कैसे आऊँ, भाईसाहब? जगह कहाँ है?"

"मेरी बेटी यहीं बैठती है," ते म्हणाले. "टीचर कैसे आएगी?"

मला माझी पाठशाळा आठवली. सामूहिक पठणात कोणाचा स्वर घसरला, हे आमच्या गुरुजींना मिटल्या डोळ्यांनी कळे. कारण आम्ही मोजकेच होतो. सभेत मी तेवढेच सांगितले. मुख्याध्यापिका थोर मनाच्या. तुकड्या वेगळ्याच राहतील, एक ग्रंथालयाच्या खोलीत बसेल, असे त्यांनी तेथेच जाहीर केले. पुस्तकांची कपाटे व्हरांड्यात ठेवण्याचे ठरताच शेजाऱ्यांनी पुन्हा तोंड उघडले; मी सदरा ओढून त्यांना खाली बसवले.

परतताना मन अगदी हलके झाले होते. गाडी शेजारी चालवत होते; ते सिग्नलला थांबले. मग म्हणाले, "गुरुजी, आमच्या गावच्या शाळेत चार वर्ग एकाच खोलीत बसत. मी पार मागं. मले उत्तरं येत होती, मी सांगतही होतो. मास्तरले कधी ऐकूच गेलं नाही."

"कोणती उत्तरे?"

ते हसले. "आता कुठं आठवते, जी!"

"आठवून पाहा," मी म्हणालो. "मला घाई नाही."

एक आठवले, मग दुसरे. गाडी आमच्या इमारतीखाली येऊन उभी राहिली, त्यांनी इंजिन बंद केले, तरी आम्ही दोघेही उतरलो नाही.