पांढऱ्या रुमालाची परीक्षा

पनवेल स्टेशनावर पेणच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी त्याच गाडीने जाणारा एक खाकी कपड्यांतला माणूस येऊन बसला. नखांत काजळी, पण खिशात घडी घातलेला पांढराशुभ्र रुमाल. मी बघतोय म्हटल्यावर आपणहून बोलू लागला.

"आमी रेल्वेच्या शेडमधी डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. काम झालं की हा रुमाल काठीला बांधून धुराड्यावर धरायचा."

"धूर मोजायला मशीन नाही का?"

"हाय ना! पण रुमाल बायको धुते. काळा दिसला की विचारते, आज कामात लक्ष नवतं का तुमचं? मशीन असं बोलत नाय."

तेवढ्यात पलीकडच्या रुळावर एक मालगाडी थांबली. तिच्या इंजिनाने काळ्याकुट्ट धुराचे लोट सोडले आणि सगळा फलाट खोकू लागला.

"याला आमच्या शेडचा हात लागलेला नाय," तो ठामपणे म्हणाला. मग इंजिनाचा नंबर वाचायला पुढे गेला आणि कान पकडूनच परत आला. "आमचंच हाय. परवा मीच पास केलं."

इतक्यात पेणची गाडी आली. मी म्हटलं, "चला." पण त्याने पिशवीतून पाना काढला आणि पलीकडे जायच्या पुलाकडे पळत सुटला.

दहा मिनिटांनी आमची गाडी हलली, तेव्हा तो मालगाडीच्या इंजिनाच्या दारात उभा होता. हातातला रुमाल आता कोळशासारखा झाला होता. मला बघून ओरडला, "घरी सांगू नका हां!"

मला त्याचं नावही माहीत नव्हतं. तरी मी खिडकीतून, शपथ घेतल्यासारखा, गळ्याला हात लावला.