लाईन बदलते तिथं

इटलीतल्या वेरोनाहून ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जाणारी रेल्वे मला तोंडपाठ आहे, आणि मी स्वतः इटारसीच्या पलीकडे कधी गेलेली नाही. वेरोना, रोवेरेतो, त्रेंतो, बोल्झानो, फोर्तेत्सा, ब्रेन्नेरो. ब्रेन्नेरो म्हणजे घाटमाथा. तिथे इटली संपते आणि उतार लागतो तो ऑस्ट्रियाचा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

ही विद्या माझी नाही, माझ्या मुलीची. ती बोल्झानोला नोकरी करते. या सुट्टीत ती नागपूरला आली तेव्हा धरमपेठेतल्या एका मंडळानं तिला या रेल्वेवर बोलायला बोलावलं. मग आठवडाभर नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या आमच्या दोन खोल्यांत तालमी. मी पोळ्या लाटायची आणि ती ओट्याला टेकून बोलायची. श्रोता एकच, तोही फुकटचा, त्यामुळे मी मध्ये मध्ये बोलत असे. वाडीच्याच एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या लिहिण्यात, म्हणजे ट्रकमध्ये चढणाऱ्या मालाच्या पावत्या करण्यात माझा जन्म गेला. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून घर त्याच बिल्ट्यांवर चाललं. माल कुठून निघतो आणि कुठे जातो हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

मला त्या रेल्वेत सगळ्यात आवडली ती तिची सीमा. ती म्हणाली, लाईन टाकायला घेतली तेव्हा वरचं टोकही ऑस्ट्रियाचं होतं आणि खालचंही. घाटातलं काम चालू असतानाच वेरोना इटलीकडे गेलं. सीमा आली ती 'आला' नावाच्या एका लहानशा स्टेशनाजवळ. पहिलं महायुद्ध झालं आणि तीच सीमा उचलून थेट घाटमाथ्यावर नेऊन ठेवली. रूळ होते तिथेच राहिले. ज्या इंजिनिअरनं घाट आखला तो तर पहिली गाडी बघायलाही जगला नाही. डोंगराला बोगदा पाडून आरपार जायचं त्यानं टाळलं. गाडी बाजूच्या दऱ्यांत शिरते, वळसा घेऊन परत येते, आणि येते तेव्हा वर चढलेली असते. आता खालून मोठा बोगदा खणताहेत, म्हणजे तो चढ चढायची गरजच उरणार नाही.

"म्हंजे आपल्या नागपूरसारखंच झालं," मी म्हटलं. "आपण कुठं हललो नाही, अन् राज्य बदललं. मध्य प्रदेशातले होतो, महाराष्ट्रातले झालो."

"आई, हे मी घेते हं भाषणात," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की तव्यावरची पोळी करपली.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. ब्रेन्नेरोला लाईन बदलते. आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. "लाईन गेली" म्हटलं की नागपुरात लोक पंख्याकडे बघतात, रुळाकडे नाही. इटलीची लाईन वेगळी आणि ऑस्ट्रियाची वेगळी, म्हणून काही गाड्यांचं इंजिनसुद्धा तिथे बदलतात. मला तेव्हाच विचारायचं होतं की मग डब्यात काय होतं, पण कुकरची शिट्टी झाली आणि ते राहून गेलं.

भाषणाच्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले. ती म्हणाली, "तू पुढे बसू नकोस, मला टेन्शन येईल," म्हणून तिसऱ्या रांगेत बसले. पडद्यावर द्राक्षाचे मळे, सफरचंदाच्या बागा, रुळाला चिकटून वाहणारी नदी. माझं नागपूरचं वाक्य तिनं घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजूच्या बाईंना सांगावंसं वाटत होतं, पण म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसावं.

मग तिनं तिच्या घरमालकिणीच्या आईची गोष्ट सांगितली. नव्वदी ओलांडलेली म्हातारी. त्या भागातले लोक जर्मन बोलणारे, सीमा सरकली तसे इटलीत आले. म्हातारी शाळेत जायची तेव्हा शाळेतून जर्मन हद्दपार झालेलं होतं, स्टेशनांच्या पाट्यांवरची नावंसुद्धा बदललेली. तिच्या आईनं तिला शेजारणीच्या स्वयंपाकघरात, पडदे ओढून, आपल्या भाषेची अक्षरं शिकायला पाठवलं. आज त्या लाईनीवर प्रत्येक पाटीवर दोन नावं आहेत आणि गाडीत प्रत्येक स्टेशन दोन भाषांत पुकारतात. "आपल्या आईच्या भाषेची लाज वाटायला लावणं ही सगळ्यात मोठी हिंसा आहे," असं माझी मुलगी म्हणाली.

अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? कोणी हात वर करेना. नागपूरची माणसं तोंडानं कमी नाहीत, पण माईक दिसला की गारठतात. माझी मुलगी तिथे एकटी उभी, हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवावा की नाही अशा अवस्थेत. मला ते बघवेना. कोणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं. म्हणून मी उठले.

वाक्य मनात शुद्ध जुळवलं होतं. 'विद्युतप्रवाह बदलतो तेव्हा प्रवाशांना काही जाणवतं का?' असंच काहीतरी. पण माईक हातात आला, समोर माझी पोर होती, आणि तोंडातून निघालं ते असं:

"लाईन बदलते म्हणतं नं तू तिथं, तं डब्ब्यात अंधार होते का वं?"

हॉल हसला. वाईट हसला असं म्हणणार नाही. पण हसला. त्या लोकांच्या घरी कोणी 'गं'ला 'वं' म्हणत नाही असं नाही, घरी म्हणतात आणि हॉलमध्ये हसतात. मी मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. तिनं ग्लास खाली ठेवला, हसून सगळ्या सभेकडे बघितलं आणि म्हणाली, "काकूंनी फार छान प्रश्न विचारला आहे."

काकू.

पुढे ती बॅटरीबद्दल काही बोलली, ते मला ऐकू आलं नाही. कोणत्याही सभेत कोणत्याही म्हाताऱ्या बाईला काकू म्हणतात, मीही म्हणते. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि माझा स्वभाव असा की शरमले की मी गप्प बसत नाही, डंख मारते. माईक अजून हातातच होता. मी म्हटलं, "धन्यवाद, मॅडम."

ते फक्त तिला आणि मला कळलं. तिचे डोळे क्षणभर माझ्यावर टेकले आणि मग ती दुसऱ्या प्रश्नाकडे वळली. माझ्यामुळे सभेची भीड चेपली होती, आता धडाधड हात वर होत होते.

नंतर चहाच्या वेळी मंडळाच्या बाई प्रेमानं म्हणाल्या, "काकू, तुम्ही कोणासोबत आलात?" माझी मुलगी चार हातांवर उभी होती, लोकांच्या गराड्यात. तिनं ऐकलं, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "एकटीच." आपलेच दात, आपलेच ओठ. बोंबलायचं कोणाच्या नावानं?

ऑटोत आम्ही दोघी दोन बाजूंना बघत बसलो. अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागली होती, ऑटो पुढे सरकेना. शेवटी मी बोलले. तिनं मला सोबत बोल्झानोला न्यायचं ठरवलं होतं, तिकीट झालं होतं, व्हिसा आला होता.

"मी नाही येत तुझ्यासंगं."

"काहून?" ती म्हणाली.

हा शब्द मी तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हापासून मीच तो तिच्या बोलण्यातून काढत आले होते. काहून नाही, का म्हणावं. मले नाही, मला. मी स्वतः मात्र मलेच म्हणत राहिले, आणि पोरीनं तरी शुद्ध बोलावं म्हणत राहिले.

"तिथं लोकायसमोर मले काय म्हणशील? काकू?"

ट्रक हलले, ऑटो हलला. घराजवळ आल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, "तू उठलीस तेव्हा मला लाज वाटली, आई. खोटं नाही बोलत. आणि आता त्याचीच लाज वाटून राहिली." मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी ऑटोवाल्याशी भाड्यावरून भांडले.

पुढचे दिवस आम्ही एकमेकींशी फार नीट वागलो. दोन पाहुण्या एका घरात राहतात तसं. तिनं बॅग भरायला घेतली, माझ्या बॅगेकडे बघितलं, पण विचारलं नाही. मीही ती माळ्यावरून काढली नाही.

निघायच्या आदल्या दुपारी मी परातीत कणीक भिजवत होते. बाहेरच्या खोलीत तिचा फोन वाजला. घरमालकीण आणि तिची ती म्हातारी आई, व्हिडिओवर. भाषण कसं झालं ते ऐकायचं होतं त्यांना, गोष्ट म्हातारीचीच होती ना. मुलगी कधी हिच्याशी एका भाषेत बोलायची, कधी तिच्याशी दुसऱ्या. मला दोन्हींतलं काही कळत नव्हतं. मग तिचा आवाज हळू झाला, थांबून थांबून बोलू लागली, आणि मधूनच मला एक शब्द ऐकू आला. काकू. तो तिनं मराठीतच म्हटला होता, दुसऱ्या कुठल्या भाषेत तो जाईना. ती त्यांना सगळं सांगत होती.

ऐकून म्हातारी एकच वाक्य बोलली, आणि मुलगी फोन घेऊन स्वयंपाकघराकडे आली.

"मम्मा," ती फोनला म्हणाली. मग, "मुटर." माझ्याकडे बोट करून, दोघींच्या दोन भाषांत 'आई'.

आणि मी काय करावं? मी पळाले. हात कणकेचे, अंगात जुना गाऊन, केस तसेच. समोर परदेशातली माणसं आणि त्यांना माझी अख्खी कहाणी ठाऊक. मी चटकन दाराआड झाले आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिले. हॉलमध्ये तिनं मला लपवलं म्हणून मी इतके दिवस फुगून बसले होते. आज ती दाखवत होती, तर मीच लपले होते.

बाहेर कोणी हसलं नाही. म्हातारीनं काहीतरी विचारलं. मुलीनं त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. मग दाराच्या फटीतून फोनचा उजेड आत आला आणि तिचा आवाज, त्या दोघींदेखत.

"आई, ये नं वं बाहेर."

मी गाऊनला हात पुसले आणि बाहेर आले.